वीर एक, कथा अनेक

(एकाच वीराची कथा निरनिराळ्या देशी व निरनिराळ्या काळी नव्याने सांगितली जाते. तिच्यात वीराचे गाव बदलते, वेष बदलतो, कधी नावही बदलते. मग तो वीर तोच राहतो काय? आणि तोच राहतो असे म्हणावयाचे, तर त्याच्यातील कोणती गोष्ट कायम राहते? कोकणातील लोककला आणि देशोदेशीच्या चित्रकथा यांची उदाहरणे देऊन या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.)

शिमग्याचे दिवस आले म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांतून मृदंगाचा घोष ऐकू येऊ लागतो. नमनाचे खेळे अंगणात उतरतात आणि त्यांच्याबरोबर येतो संकासूर! अंगात काळा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि कमरेला छुमछुमणारे घुंगरू. तो नाचत पुढे सरसावला की लहान मुले ओरडत पळत सुटतात. तो पाठमोरा झाला की तीच मुले त्याच्या मागे धावतात.

हा संकासूर म्हणजे पुराणातील शंखासूर. त्याने वेद चोरून समुद्रात दडविले आणि विष्णूने मत्स्यरूप धारण करून त्याचा वध केला, अशी कथा आहे. पुराणात जो देवांचा वैरी, तोच कोकणच्या अंगणात मुलांचा सवंगडी होऊन बसला आहे. दशावतारी नाटकातही संकासूर आपल्या बोलण्याने प्रेक्षकांना पोट धरून हसवितो. दशावताराचे माहेरघर असलेला सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालापर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. या नाटकातील नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावावयाचे एवढे ठरते आणि संवाद रंगभूमीवर जसे सुचतील तसे बोलले जातात. त्यामुळे काल एका गावी झालेले आख्यान आज दुसऱ्या गावी हुबेहूब तसेच होत नाही. तरीही दोहोंपैकी खरे कोणते, असा वाद कोणी घालीत नाही.

कथा नव्याने सांगण्याची ही हौस पंडितांनाही होती. कविवर्य मोरोपंतांचे घराणे मूळचे राजापूर तालुक्यातील सौंदळचे. पंतांच्या नावावर एकशेआठ रामायणे सांगितली जातात. त्यांपैकी एकाचे नाव ‘निरोष्ठ रामायण’. ज्या अक्षरांचा उच्चार करताना ओठांना ओठ लागतो, ती अक्षरे या काव्यात वर्ज्य आहेत. आता ‘राम’ या नावातील ‘म’ हा ओष्ठ्य वर्णच आहे. म्हणजे नायकाचे नाव न उच्चारता नायकाची कथा सांगावयाची! नाव बाजूला ठेवले तरी रामाची कथा रामाचीच राहिली. कारण तिचा प्राण नावात नव्हता, रामाच्या वचनपालनात होता.

हीच रीत सातासमुद्रांपलीकडील चित्रकथांतही आढळते. १९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’ नावाचा महानायक निर्माण केला. दूरच्या एका ग्रहाचा नाश होत असता तेथील मातापित्यांनी आपले तान्हे मूल यानात घालून पृथ्वीकडे धाडिले. एका शेतकरी दांपत्याने ते वाढविले आणि ते मूल दुर्बलांचे रक्षण करणारा वीर झाले, अशी ती कथा. तिची लोकप्रियता पाहून असे अनेक महानायक जन्मास आले.

परंतु त्यातून एक अडचण उद्भवली. कादंबरी एका लेखकाच्या हातून लिहून पुरी होते. या चित्रकथा मात्र महिन्यामागून महिने चालत राहिल्या आणि एक लेखक जाऊन दुसरा आला. १९४० साली ‘फ्लॅश’ नावाचा विजेच्या वेगाने धावणारा एक वीर अवतरला. पुढे १९५६ साली त्याच नावाचा, पण निराळाच तरुण नव्या वेषात पुढे आला. या दोघांत खरा कोणता?

१९६१ साली गार्डनर फॉक्स या लेखकाने या प्रश्नाचे मोठे चतुर उत्तर दिले. त्याच्या कथेत नवा फ्लॅश दुसऱ्याच एका पृथ्वीवर जाऊन पोहोचतो. तेथे त्याला जुना फ्लॅश भेटतो. गंमत अशी की, या जुन्या वीराच्या चित्रकथा नव्याने लहानपणी वाचलेल्या असतात! दोन्ही वीर खरे, दोन्ही पृथ्वी खऱ्या. केवळ जगे निराळी, असा या कथेचा निर्वाळा होता. तेव्हापासून एकाच वीराची अनेक जगे कल्पिण्याचा प्रघात पडला. अशा कथांना ‘पर्यायी कथा’ म्हणता येईल. ‘असे घडले नसते तर?’ या एका प्रश्नातून त्या जन्म घेतात.

वरवर पाहता हा केवळ कल्पनेचा खेळ वाटेल. पण तसा तो नाही. सुपरमॅनचे यान अमेरिकेतील शेतात न उतरता सोव्हिएत संघातील युक्रेनच्या एखाद्या सामुदायिक शेतावर उतरले असते तर? २००३ साली मार्क मिलर या लेखकाने हीच कल्पना घेऊन ‘रेड सन’ ही चित्रकथा लिहिली. तिच्यातही बालकाचे बळ तेच आहे आणि लोकांचे भले करण्याची इच्छाही तीच आहे. मोठा झाल्यावर तो राज्याचा प्रमुख होतो आणि सर्वांचे दुःख दूर करू पाहतो. अपघात टळतात, सर्वत्र सुव्यवस्था नांदते; परंतु माणसांना आपल्या मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक उरत नाही. आपण लोकांचे रक्षक न राहता त्यांचे पहारेकरी झालो, हे त्याला अखेर उमगते आणि तो सत्तेपासून दूर होतो. चांगला हेतू आणि मोठे सामर्थ्य एकत्र आले तरी तेवढ्याने भागत नाही, दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची जाण असावी लागते, ही गोष्ट मूळ कथेपेक्षा या पर्यायी कथेतून अधिक स्पष्ट होते.

परदेशी वीरांनी मराठी वेषही घेतला आहे. ली फॉक या लेखकाचा ‘फँटम’ १९३६ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांत प्रथम झळकला. तो अरण्यात राहून दुर्जनांचा समाचार घेतो. पित्यामागून पुत्र तोच वेष चढवितो, म्हणून लोक त्याला अमर समजतात आणि ‘चालते भूत’ म्हणतात. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथामाला भारतात सुरू झाली आणि तिच्यातून तो मराठी मुलांना ‘वेताळ’ या नावाने भेटला. कोकणातील वाचकाला हे नाव परके वाटण्याचे कारणच नव्हते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि हिंडून हिंडून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. गावासाठी चालणारा वेतोबा आणि अरण्यासाठी चालणारा वेताळ यांची भेट अशी एका नावाने घडून आली!

२००४ साली याहून मोठा बदल झाला. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेला ‘स्पायडर-मॅन’, म्हणजे कोळ्याप्रमाणे भिंतीवर चढणारा वीर, मुंबईत अवतरला. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला पवित्र प्रभाकर हे नाव दिले. मूळ कथेतील पीटर पार्करला किरणोत्सर्गी कोळी चावल्याने सामर्थ्य लाभते. पवित्रला ते एका योग्याकडून मिळते. तो खेड्यातून शिष्यवृत्ती मिळवून मुंबईच्या शाळेत आलेला असतो आणि त्याच्या पोशाखावरून मुले त्याची टर उडवितात. वीराचा वेष घेतल्यावरही त्याने धोतर सोडलेले नाही.

इतके बदलले, पण एक गोष्ट बदलली नाही. पीटर पळत्या चोराला अडवीत नाही आणि पुढे त्याच चोराच्या हातून त्याचे काका मारले जातात. पवित्रही संकटात सापडलेल्या एका स्त्रीची हाक ऐकून न ऐकल्यासारखे करतो. तिच्या मदतीस धावलेले त्याचे भीमकाका प्राणास मुकतात. दोघांनाही एकच पश्चात्ताप जाळतो आणि दोघेही एकच निश्चय करतात. अंगी सामर्थ्य असताना दुसऱ्याच्या संकटाकडे पाठ फिरवावयाची नाही, हा तो निश्चय होय.

मग वीराच्या वाट्याला आलेले दुःखही प्रत्येक कथेत कायम राहिलेच पाहिजे काय? २०२३ साली आलेल्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात हाच प्रश्न विचारला आहे. हा चित्रपट भारतात मराठीतही प्रदर्शित झाला. माइल्स मोरालेस हा दुसऱ्या जगातील कोवळ्या वयाचा वीर पवित्रच्या नगरीत येतो आणि मृत्यूच्या दाढेत सापडलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला वाचवितो. तेव्हा जाणते वीर त्याच्यावर रागावतात. प्रत्येक जगात तो अधिकारी मरावयाचाच असतो, कथेचा क्रम मोडला तर जग कोसळेल, असे ते सांगतात. आणि खरोखरच त्या नगरीत एक भयंकर विवर पडू लागलेले असते. पुढे आपल्या पित्यावरही हाच प्रसंग येणार, हे कळताच तो मुलगा ते मानावयाचे नाकारतो. ‘पूर्वी असे घडले, म्हणून पुढेही असेच घडावे’ हे त्याला पटत नाही. आपल्या माणसाला वाचविण्याचा प्रयत्न करावयाचाच, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते.

येथे पाठाच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. वीराचे गाव बदलावे, वस्त्र बदलावे, नाव बदलावे; त्याचे दुर्दैव टळले तरी कोणाची हरकत नसावी. पण संकटात सापडलेल्याच्या हाकेला ओ देण्याचा त्याचा निश्चय मोडला, तर उरते ते केवळ सोंग. वीर उरत नाही. नव्याने कथा सांगणाऱ्याला कितीही मोकळीक असली, तरी हा धागा त्याने हातातून सोडता कामा नये.

शिमग्याच्या रात्री अंगणात संकासूर नाचत असतो. त्याला पाहून पळणारी आणि पुन्हा त्याच्या मागे धावणारी मुले उद्या मोठी होतील. त्यांच्यातीलच कोणी मृदंग गळ्यात अडकवील, कोणी काळा मुखवटा चढवील, कोणी चित्रकथा लिहील. वेदांचा चोर जेथे मुलांचा सवंगडी झाला, तेथे त्यांनाही जुनी कथा बदलून सांगण्याचा अधिकार आहे. मात्र काय बदलावे आणि काय राखावे, याचा निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागेल.

शब्दार्थ
सवंगडी – खेळगडी. संहिता – नाटकाचा लिहिलेला मजकूर. वर्ज्य – टाळलेले. ओष्ठ्य – ओठांच्या साहाय्याने उच्चारला जाणारा. प्रघात – रूढ झालेली रीत. निर्वाळा – खात्रीपूर्वक दिलेले मत. विवर – खोल भोक, बीळ. टर उडविणे – थट्टा करणे. ओ देणे – हाकेला उत्तर देणे.

स्वाध्याय
१. पुराणातील शंखासूर आणि नमनातील संकासूर यांत कोणता फरक आहे?
२. ‘निरोष्ठ रामायण’ रचणे कठीण का आहे?
३. दोन फ्लॅशपैकी खरा कोणता, या प्रश्नाचे उत्तर लेखकाने कोणत्या युक्तीने दिले?
४. पीटर पार्कर आणि पवित्र प्रभाकर यांच्या कथांतील साम्य व भेद लिहा.
५. माइल्सने कथेचा क्रम मोडला हे योग्य झाले काय? आपले मत कारणे देऊन मांडा.
६. आपल्या गावातील एखाद्या जुन्या कथेतील नायक आज जन्मास आला असता तर काय घडले असते, ते दहा-बारा ओळींत लिहा. त्याच्यातील कोणती एक गोष्ट आपण बदलली नाही, ते शेवटी सांगा.