विमान स्वतःच 'नको' म्हणालं!

कंट्रोल सिस्टीम्समधला फीडबॅक लूप आपण परीक्षेपुरता घोकतो. त्याचा खरा कस बघायचा तर विमानवाहू जहाजावर चला.

इथे धावपट्टीच पुढे सरकते, वर-खाली हलते. त्यातच शेपटीच्या हुकाने डेकवरची पोलादी तार पकडायची. उतरण्याचा मार्ग, मध्यरेषा आणि वेग, यातलं एक सुधारलं की दुसरं बिघडतं. म्हणून पायलटला शेवटपर्यंत सारख्या दुरुस्त्या कराव्या लागतात.

अमेरिकन नौदलाने हे काम कॉम्प्युटरकडे दिलं. जहाज आणि विमान यांच्या जीपीएसमधला फरक सतत मोजायचा; हाच आपला एरर सिग्नल! १० जुलै २०१३ ला एक्स-४७बी हे पायलट नसलेलं विमान 'जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश' जहाजावर आपलं आपण उतरलं. २२ एप्रिल २०१५ ला याच जातीच्या विमानाने हवेत इंधनही घेतलं. तेही अवघडच, कारण टँकरच्या नळीची टोपली जवळ येणाऱ्या विमानाच्या हवेनेच बाजूला ढकलली जाते.

मला मात्र २०१३ च्या त्याच दिवसाची पुढची गोष्ट जास्त आवडली. दोनदा नीट उतरल्यावर पुढच्या खेपेला विमानाने आपल्या नेव्हिगेशन कॉम्प्युटरमधला दोष स्वतःच ओळखला, जहाजाचा नाद सोडला आणि किनाऱ्याजवळच्या वॉलॉप्स बेटावर सुखरूप उतरलं.

उतरता येणं हे अर्धं ऑटोमेशन. आपलं रीडिंग चुकतंय हे कळून थांबणं, हे उरलेलं अर्धं. लॅबमध्ये रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करताना एवढं आठवा!