मनातली वहिवाट

वाई, ता. ९ जानेवारी

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

परवा रात्री सुधाचा फोन आला. रात्री साडेनऊनंतर तुझ्या आईचा फोन आला म्हणजे काहीतरी बिनसले आहे, हे समजण्याइतका अनुभव मला आता आलेला आहे. रडत रडत तिने जे सांगितले त्याचा मतलब असा, की मेंदूच्या लहरी टिपणारी जी पट्टी तुझ्या कंपनीने कामाच्या वेळेपुरती म्हणून दिली, ती तू हल्ली झोपतानाही कपाळावरून काढीत नाहीस. आणि धडधाकट माणसांच्या मेंदूत यंत्र बसविण्याची परवानगी ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी रांगेत पहिली उभी राहीन, असे तू तिला हसत हसत बजावलेस. सुधाच्या सांगण्यातून निम्मे वजा करावे हा आपल्या घराण्याचा शिरस्ता मला ठाऊक आहे. पण वजाबाकी करून जे उरले, तेवढ्यानेही दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

म्हाताऱ्याला यंत्राचे भय वाटते, असे मात्र म्हणू नकोस. मामलेदार कचेरीत छत्तीस वर्षे दुसऱ्यांची दप्तरे चाळण्यात गेली. कागद न वाचता अभिप्राय लिहिण्याची सवय मला नाही. शेजारच्या मुलाकडून छापून घेऊन या विषयावरचे जे वाचले, त्यात एक गोष्ट अशी निघाली की ती वाचून मी चष्मा काढून बसलो. हान्स बर्गर नावाचा एक जर्मन तरुण लष्करी शिक्षण घेत असता घोड्यावरून पडला आणि मरता मरता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीच्या मनात अकस्मात भीती दाटून आली आणि तिने वडिलांना तार करावयास लावले. एका मनातले दुसऱ्या मनात गेले कसे, या कोड्याचा ध्यास घेतलेल्या त्या माणसाने १९२४ साली येना येथे मनुष्याच्या मेंदूची विद्युल्लहर प्रथम टिपली आणि १९२९ साली ती जगापुढे मांडली. कोडे सुटले नाही ते नाहीच. पण तुझ्या कपाळावरची पट्टी आज जे टिपते ते हेच. बहिणीच्या न बोललेल्या काळजीतून ही विद्या निघाली, आणि बहिणीच्या न बोललेल्या गोष्टीपाशीच माझे हे पत्र मला घेऊन जाणार आहे. पण ते पुढे.

आजारी माणसाविषयी माझी तक्रार नाही. तुझे आजोबा अर्धांगवायूनंतर तीन वर्षे केवळ पापण्यांनी हो-नाही म्हणत होते, आणि तुझी आजी, म्हणजे माझी अक्का, त्यांच्या उशाशी बसून एकेक अक्षर उच्चारीत त्यांच्या पापणीची वाट पाहत असे, हे तू लहान असलीस तरी पाहिलेले आहेस. २००४ साली अमेरिकेत मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत चार मिलिमीटरची चौकोनी चकती बसविली आणि केवळ संकल्पाने तो संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवू लागला, हे वाचले तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की तेव्हा असे काही आपल्या हाती असते तर मेणवलीचा तुकडा मी त्याच दिवशी विकला असता.

पण सई, तू धडधाकट आहेस. ज्याचे सर्व गेले आहे त्याने जे पणाला लावावे, ते जिचे काही गेलेले नाही तिने पणाला का लावावे? जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने एका रुग्णाच्या मेंदूत ६४ तंतूंवरून १०२४ विद्युदग्रे बसविली. तो मनोमन बुद्धिबळ खेळू लागला. आणि काही आठवड्यांतच त्यांतले बरेच तंतू जागचे मागे सरकले. संगणकाची आज्ञावली बदलून त्यांनी काम निभावले, हे खरे. अंधांच्या डोळ्यांत आर्गस नावाचे यंत्र बसविणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीने मात्र ते काम मध्येच सोडून दिले, आणि जगभरातली साडेतीनशेहून अधिक माणसे डोळ्यांत बेवारशी यंत्र घेऊन राहिली. तुझ्या डोक्यातल्या यंत्राचा कारखाना उद्या बंद पडला, तर दुरुस्तीचा अर्ज तू कोणत्या कचेरीत देणार?

तरीही माझी खरी चिंता शस्त्रक्रियेची नाही. ती पट्टी टिपते ते जाते कुठे, आणि त्याची किल्ली कोणापाशी आहे? कंपनीने तुझ्याकडून जी कबुलायत लिहून घेतली, तिची किती पाने तू वाचलीस? पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता, हे तुला ठाऊक नसेल. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की अशी चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून लादता येणार नाही. मोठा निर्णय आहे. पण ‘संमतीवाचून’ या शब्दापाशी माझे बोट थांबते. जबरदस्तीपासून न्यायालय तुझे रक्षण करील. तुझ्या स्वतःच्या सहीपासून कोण करणार?

रस्त्याच्या दाव्यांत मी हे पुष्कळ पाहिले आहे. शेजारी बांधावरून जातो. चांगला माणूस आहे, जाऊ दे म्हणून आपण हरकत घेत नाही. वीस वर्षे लोटतात, आणि एक दिवस तो सांगतो की ही माझी वहिवाट आहे, आता अडविशील तर फिर्याद करीन. पायवाट दांडगाईने पडते असे नाही. बहुधा ती आपल्या संकोचानेच पडते. तू म्हणशील, बापूआजोबा, आजची पट्टी मनातले गुपित वाचीत नाही, थकवा आणि लक्ष यांचा अंदाज तेवढा करते. मान्य आहे. पहिल्या वर्षी त्या बांधावरूनही एकटा माणूसच जात होता.

सुधा सांगते की तुझा मुद्दा वेळेचा आहे. मन धावते आणि बोटे मागे राहतात, तर मध्ये बोटे हवीत कशाला? बाळ, हे तुझे वाक्य ऐकून मला राग आला, आणि तो राग तुझ्यावर नव्हता, हे समजायला मला दोन दिवस लागले. आता ते सांगतो. हे सुधालाही ठाऊक नाही.

अक्काची एक निळी वही होती. १९५७ साल, ती अठरा वर्षांची, मी पंधरा. फडताळात पापडांच्या डब्यामागे ती वही ठेवी, कुलूप नाही, काही नाही. एका दुपारी मी ती वाचली. तिच्यात एके ठिकाणी लिहिले होते की एखाद्या सकाळी पुण्याच्या गाडीत बसावे आणि परत येऊच नये. मी शहाणा, ते जाऊन दादांना सांगितले. दोन महिन्यांत अक्काचे लग्न झाले. कॉलेजचा अर्ज तिने आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. त्यानंतर तिने मनातले म्हणून एक ओळ लिहिली नाही. तिची पत्रे म्हणजे ‘सर्व कुशल’ आणि पावसापाण्याची हकीकत. पुष्कळ वर्षांनी, तुझ्या आजोबांच्या उशाशी बसलेली असता, ती एकदा सहज म्हणाली, “अरे बापू, मी जाणार नव्हते रे. नुसतं मनात आलं होतं.”

नुसते मनात येणे आणि ठरविणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, सई, त्याला तू विलंब म्हणतेस. माझ्या बहिणीचे सारे आयुष्य त्या अंतरात होते, आणि मी ते एका दुपारी पुसून टाकले. बरे, पुरता पश्चात्ताप करावा तर तेही जमत नाही. कारण ते लग्न झाले नसते तर सुधा नसती आणि तू नसतीस, आणि तुझ्यावाचूनचे जग मला कल्पनेतही सोसत नाही.

परवा वाचले, की स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ साली चार रुग्णांच्या मेंदूतून मनातल्या मनात म्हटलेले शब्दही ओळखून दाखविले. आणि त्याच प्रयोगात, रुग्णाने एक ठरावीक संकेतवाक्य मनात म्हटल्याखेरीज यंत्राने ऐकूच नये, अशी सोयही त्यांनी केली. ज्यांनी दार शोधले त्यांनाच कुलपाची आठवण झाली, हे वाचून मला फार बरे वाटले. पापडांच्या डब्यामागे ते नव्हते.

फार बोललो. तू हुशार आहेस, तुझ्या विद्येतले मला काडीचे कळत नाही, आणि मोहाला वय नसते हे मीही जाणतो. ऐकू येईनासे झाले तेव्हा कानातले यंत्र मीच हट्टाने मागवून घेतले. तुला जे करावयाचे ते कर. निदान झोपताना ती पट्टी काढून ठेव. स्वप्नांची नोंद कोणत्याच दप्तरात नसावी. आणि पुढे कधी सही करण्याची वेळ आली, तर ते कागद घेऊन आधी वाईला ये. आपण दोघे ओसरीवर बसून पानन् पान वाचू. तुझ्या मनात काय आहे ते मी विचारणार नाही. सांगितलेस तर ऐकेन.

दादांनी ती निळी वही बंबात घालावयास दिली होती. मी ती लपविली. माझ्या पेटीत तळाशी आहे, आणि त्या दुपारनंतर मी ती उघडलेली नाही. माझ्यामागे ती कोणाच्या हाती पडू नये. तू येशील तेव्हा आपण ती न उघडता कृष्णेत सोडू. एकट्याने ते माझ्याने होत नाही.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठविला आहे. यंदा पाक थोडा कडक झाला आहे, जपून खा.

तुझा
बापूआजोबा