लंडनच्या चतुःसीमा

देऊळघाट,
ता. व जि. बुलढाणा

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तुझा प्रवेश कायम झाल्याचे वर्तमान वहिनींकडून कळले आणि घरातील सर्वांस परम संतोष झाला. तेथे काय काय पाहावे याची यादी तू माझ्याकडे मागितली आहेस. परंतु याद्या बाजारात विकत मिळतात, आणि यादी हातात घेऊन हिंडणारा मनुष्य इमारतींपुढे उभा राहून छायाचित्रे काढतो व तसाच परत येतो. उभी हयात मोजणी खात्यात काढलेल्या आणि मुलीकडे राहण्याच्या निमित्ताने एक उन्हाळा ते शहर पायी धुंडाळलेल्या तुझ्या काकाने यादीऐवजी पाहण्याची रीत सांगावी, हे अधिक उचित होय.

आमच्या खात्यात शिस्त अशी असे की, मिळकतीचे क्षेत्र कितीही बिनचूक निघाले, तरी तिच्या पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणोत्तर कोणाची हद्द, याची नोंद झाल्याखेरीज कागद पुरा मानीत नसत. तू शहरही तसेच पाहा. भव्य प्रासाद दिसला की त्याच्या पाठीमागच्या गल्लीत जा. आणि दैन्य दिसले की त्याच्या शेजारी कोणाची भिंत आहे ते विचार. लंडनमध्ये वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून धुराड्यांचा धूर शतकानुशतके पूर्वेकडे जात राहिला. राजदरबार वेस्टमिन्स्टरला, म्हणजे पश्चिमेला, आणि गोद्या नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पूर्वेला. तेव्हा धनिकांनी कोठे राहावे आणि हमालांनी कोठे, याचा निवाडा वाऱ्याने आणि नदीने अर्धाअधिक आधीच करून ठेवला होता.

ही पश्चिम आणि ही पूर्व एका धाग्याने जोडणारी वाट आहे, ती रीजंट्स कालव्याची. 1820 साली पुरा झालेला हा कालवा पॅडिंग्टनपासून निघून शहराच्या उत्तरेकडून वळसा घेत लाइमहाउसच्या गोदीपाशी थेम्सला मिळतो. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली त्याच्या काठची पायवाट, मधले बोगदे सोडले तर, आज पादचाऱ्यांना मोकळी आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी निघून ती सबंध चाल.

आरंभ हाउली प्लेसपासून कर. कालव्यापासून हाकेच्या अंतरावरील या शांत रस्त्यावर, 10 क्रमांकाच्या घरी, 1918-19 मध्ये लोकमान्य टिळक राहिले होते. व्हॅलेंटाइन चिरोल याच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी ते विलायतेस गेले, आणि तो दावा तेथील न्यायासनाने फेटाळला, हे तुला ठाऊक आहेच. आसपासची घरे पांढऱ्या गिलाव्याची आहेत. गिलाव्याच्या आत साधी वीट असते, हे ध्यानात ठेव. पुढे रीजंट्स पार्कभोवती जॉन नॅशने उभारलेल्या ओळी पाहशील, तेव्हा याच विद्येचा परमोत्कर्ष दिसेल. दर्शनी बाजूला स्तंभ, कमानी आणि शिल्पे यांचा असा थाट की सबंध ओळ म्हणजे एकच राजवाडा वाटावा, आणि मागून पाहिले तर अंगावर दागिना नसलेली विटांची भिंत. मला ती मागची बाजू अधिक प्रामाणिक वाटली; परंतु हा आमच्या धंद्याचा दोष असेल.

उद्यानाच्या उत्तरेस प्रिमरोझ हिल लागते. त्या टेकडीवरून शहराचा देखावा पाहा आणि मग किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरापाशी जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये येथे राहत होते. तू ज्या संस्थेत चालला आहेस, तिचे ते 1916 पासूनचे विद्यार्थी. मध्यंतरी शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने परतावे लागले, 1920 मध्ये पुन्हा गेले, आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास त्यांना डी.एस्सी. मिळाली. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने खरेदी केले. आज तो भाग अतिशय महागडा गणला जातो. तथापि त्या काळी अशा घरांतून खोल्या भाड्याने देण्याचा रिवाज होता, आणि यूस्टनकडे जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज तेथून फार दूर नव्हता. वस्तीचा दर्जा सनदेवर लिहून मिळत नाही, तो पिढीपिढीला पालटतो, हे त्या रस्त्यावर उभे राहून पाहा. सवड झाली तर हायगेटला क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील 65 क्रमांकाचे घरही पाहून ये. श्यामजी कृष्णवर्म्यांनी 1905 मध्ये तेथे इंडिया हाउस हे विद्यार्थिगृह उघडले आणि पुढल्या वर्षी सावरकर तेथे दाखल झाले. टिळक, आंबेडकर आणि सावरकर या तिघांची मते परस्परांपासून किती भिन्न होती, आणि घरे मात्र शहराच्या एकाच अंगाला, एका दिवसाच्या चालीत!

कॅम्डनचा बाजार ओलांडून कालवा सेंट पँक्रास स्थानकाच्या पाठीमागे येतो. येथे कालवा सोड व रस्त्यावर येऊन त्या तांबड्या विटांच्या, मनोऱ्यांनी नटलेल्या हॉटेलाकडे नीट निरखून पाहा, कारण ज्याने ते बांधले त्याच जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे केले, आणि तेही हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता. त्याच स्कॉटची तिसरी इमारत व्हाइटहॉलला आहे: परराष्ट्र खाते आणि इंडिया ऑफिस. ती त्याला गॉथिक धाटणीची हवी होती. पंतप्रधान पामरस्टन हट्टास पेटला आणि स्कॉटला निमूटपणे इटालियन धाटणी स्वीकारावी लागली. आतील दरबार चौक मॅथ्यू डिग्बी वायटचा. सरकारी दालने सप्टेंबरातील 'ओपन हाउस' उत्सवात बहुधा लोकांस खुली असतात, तेव्हा संधी साध. तो चौक सुंदर आहे, हे मोकळ्या मनाने मान्य कर. आणि त्याच वेळी हेही आठव की, तेथे बसणाऱ्या भारतमंत्र्याचा पगार आणि त्याच्या कचेरीचा खर्च 1919 च्या कायद्यापर्यंत हिंदुस्थानच्या महसुलातून जात होता, म्हणजे शेतसाऱ्याच्या पावतीवर अंगठा उठवणारी आपल्याकडची माणसे त्या संगमरवराच्या चतुःसीमेत मोडतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही एकदम दिसले पाहिजे. नुसता राग धरून गेलास तर कमान दिसणार नाही, आणि नुसता भारावून गेलास तर हिशेब.

सेंट पॉलविषयी मी काही लिहीत नाही. 1666 च्या आगीनंतर रेनने ते कसे उभारले, हे तुला कोणीही सांगेल.

ब्लूम्सबरीतील चौकांविषयी मात्र एक शब्द. तेथील जमीन बेडफर्डच्या सरदार घराण्याची. घरे बांधणाऱ्यांना ती मुदतीच्या पट्ट्याने दिलेली, आणि पट्टा संपला की बांधकामासकट परत मूळ मालकाकडे. 1774 च्या कायद्याने लंडनमधील राहत्या घरांचे किंमत आणि क्षेत्र पाहून चार वर्ग पाडले होते, प्रत्येक वर्गाची भिंत किती जाड असावी हेही ठरवून दिले होते. म्हणूनच त्या ओळी इतक्या एकसारख्या दिसतात. हलक्या रहदारीने वस्तीची प्रतिष्ठा बिघडू नये म्हणून त्या जहागिरीने रस्त्यांवर फाटके बसवून पहारेकरी नेमले होते, आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायदा करून काढावी लागली. गावकुसाची कल्पना केवळ आपल्याकडचीच, असे मानणाऱ्यांना हे अवश्य सांग.

मग पूर्वेकडे वळ. स्पिटलफील्ड्समध्ये हॉक्समूरचे क्राइस्ट चर्च आहे, प्रचंड आणि काहीसे उग्र. तेथून जवळच ब्रिक लेनवर एक विटांची साधी इमारत आहे, आणि सबंध लंडनमधून एकच वास्तू निवडण्यास मला कोणी सांगितले तर मी हीच निवडीन. फ्रान्समधून धर्मच्छळामुळे परागंदा झालेल्या ह्युगनॉट विणकरांनी 1743 मध्ये ती प्रार्थनागृह म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली. 1898 पासून पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांचे ते सभास्थान झाले. आणि 1976 पासून ती मशीद आहे, सिल्हेटकडच्या बंगाली मुसलमानांची. भिंतीवरील छायायंत्रावर 1743 हा आकडा अद्याप आहे. अजान आणि देवळातील घंटा दोन्ही ऐकत वाढलेल्या आपल्या पैनगंगाकाठच्या मुलाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही.

कालवा संपतो तेथे कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे दिसतील. 1802 मध्ये उंच भिंती घालून वेस्ट इंडिया गोदी उघडली, ती याच ठिकाणी. गोदी बंद पडल्यावर पेढ्यांनी जागा घेतली आणि 1991 मध्ये 235 मीटरचा मनोरा उभा राहिला. त्याच्या सावलीत पॉप्लरच्या सरकारी चाळी आहेत. मात्र दैन्य पूर्वेलाच, असे समजू नकोस. अत्यंत धनाढ्य अशा केन्सिंग्टन-चेल्सी विभागात, पश्चिमेलाच, 24 मजली ग्रेनफेल टॉवर 14 जून 2017 च्या पहाटे पेटला आणि 72 माणसे मृत्यू पावली. इमारतीला बाहेरून चढवलेले ज्वालाग्राही आच्छादन आग पसरण्यास कारण झाले. तेथे गेलास तर छायाचित्र काढू नकोस.

शेवटचे एक काम सांगतो, ते तुझ्या संस्थेच्या ग्रंथालयातच होण्यासारखे आहे. चार्ल्स बूथ नावाच्या जहाजमालकाने स्वतःच्या खर्चाने लंडनच्या दारिद्र्याची पाहणी केली आणि 1889 पासून प्रसिद्ध झालेल्या नकाशांत रस्त्यारस्त्याला रंग दिले: अतिदरिद्री वस्तीला काळा, त्यावर निळ्या, जांभळ्या, गुलाबी आणि तांबड्या छटा, आणि श्रीमंतांना पिवळा. काळ्याला लागूनच तांबडा कितीदा येतो, हे पाहून आमच्यासारखा जुना मोजणीदारही थक्क होतो. बूथचे दप्तर तुमच्याच ग्रंथालयात जतन केलेले आहे. तुझ्या बिऱ्हाडाचा पत्ता ठरला की त्या नकाशात तो रस्ता शोध, त्याचा रंग कोणता होता आणि आज तेथे कोण राहते, हे दोन्ही मला सविस्तर कळव. पत्र मराठीत असावे.

तुझा,
काका