इसे येथील नवे-जुने मंदिर

जपान हा अनेक बेटांचा मिळून बनलेला देश आहे. त्यांतील होन्शू नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावर इसे हे जपानी लोकांचे पवित्र तीर्थक्षेत्र आहे. तेथे उंच वृक्षांच्या राईतून इसुझू नदी वाहते. नदीवरील लाकडी पूल ओलांडला, की यात्रेकरू हात धुतात, चूळ भरतात आणि सूर्यदेवता अमातेरासू हिच्या मंदिरापाशी येतात. तेथे ते दोनदा लवून वंदन करतात, दोनदा टाळी वाजवतात आणि पुन्हा एकदा लवतात.

हे मंदिर किती वर्षांचे असेल? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. येथील परंपरा तेराशे वर्षांहून जुनी आहे. परंतु आज उभे असलेले मंदिर 2013 साली बांधलेले आहे. दर वीस वर्षांनी हे मंदिर अगदी पहिल्यासारखेच नव्याने बांधावे, असा येथील नियम आहे. सम्राज्ञी जितो हिच्या कारकिर्दीत, इ. स. 690 मध्ये, हा सोहळा प्रथम झाला. 2013 मधील सोहळा बासष्टावा होता.

मंदिराची रचना अत्यंत साधी आहे. त्याचे खांब दगडी पायावर न ठेवता थेट जमिनीत पुरलेले असतात. छप्पर गवताने शाकारलेले असते. लाकडाला रंग दिलेला नसतो. अशी वास्तू ओलाव्याने हळूहळू जीर्ण होणारच. मग जपानी कारागिरांना टिकाऊ बांधकाम येत नव्हते काय? तसे मुळीच नाही. त्याच देशातील होर्यूजी येथील बौद्ध मंदिर हे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक मानले जाते. इसे येथे मात्र लोकांनी जुने रूप सोडले नाही. ते पुन्हापुन्हा घडवण्याचा मार्ग पत्करला.

हे काम आठ वर्षे आधी सुरू होते. त्यासाठी हिनोकी नावाच्या सरळ व सुगंधी वृक्षाचे लाकूड लागते. एका सोहळ्यासाठी सुमारे दहा हजार वृक्ष तोडले जातात. पहिले पवित्र वृक्ष कुऱ्हाडीनेच तोडतात. लाकूडतोडे बुंध्यावर तीन बाजूंनी घाव घालतात. वृक्ष कोसळण्याच्या वेळी ते मोठ्याने पुकारा करतात. ‘वृक्ष पडतो’ असे ते म्हणत नाहीत; ‘वृक्ष निजतो’ असे म्हणतात. मग त्याच वृक्षाच्या शेंड्याची डहाळी ते उरलेल्या बुंध्यात रोवतात आणि वनदेवतेचे आभार मानतात. पुढे इसेचे नागरिक, लहानमोठे सारे मिळून, ते ओंडके दोर लावून मंदिराकडे ओढत नेतात.

मंदिराच्या शेजारीच तेवढीच एक मोकळी जागा राखलेली असते. नवे मंदिर तेथे उभे राहते. केवळ सुतारच नव्हे, तर लोहार, विणकर आणि इतर कारागीरही कामाला लागतात. कारण देवीची वस्त्रे, तलवारी, धनुष्ये, आरसे अशा 714 प्रकारच्या 1576 वस्तूही नव्याने घडवायच्या असतात. शेवटी एका रात्री सारे दिवे मालवले जातात आणि शुभ्र रेशमी पडद्याआड देवी नव्या मंदिरात प्रवेश करते. जुन्या मंदिराचे लाकूड वाया जात नाही. त्याच्या आढ्याला आधार देणाऱ्या खांबांपासून पुलाजवळील कमान बनते. इतर लाकूड देशातील अन्य मंदिरांच्या उपयोगी पडते.

वीस वर्षांचा हा काळ कारागिरांच्या दृष्टीने फार सोयीचा आहे. विशीतला तरुण एका सोहळ्यात काम शिकतो. चाळिशीत तो स्वतः ते काम पार पाडतो. साठीत तो पुढच्या तरुणांना शिकवतो. अशा रीतीने विद्या हातातून हातात जाते.

ही साखळी एकदा तुटलीही होती. पंधराव्या शतकात जपानमध्ये सरदारांची आपसांत युद्धे पेटली. पैसा मिळेना. सूर्यदेवतेचे मंदिर 1462 नंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास नव्याने बांधले गेले नाही. तात्पुरती डागडुजी होई, एवढेच. आधीचा सोहळा पाहिलेला एकही कारागीर हयात राहिला नाही. अशा वेळी सेइजुन नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीने देशभर फिरून देणग्या गोळा केल्या. तिच्या प्रयत्नांनी 1563 मध्ये इसे येथील दुसरे मोठे मंदिर, धान्यदेवतेचे, पुन्हा उभे राहिले. 1585 मध्ये सूर्यदेवतेचे मंदिरही नवे झाले. धर्म वेगळा असूनही त्या भिक्षुणीने हे कार्य आपले मानले. मात्र मधल्या खंडामुळे बांधणीच्या काही तपशिलांत फरक पडला, असे अभ्यासक मानतात. एकदा विसरलेली विद्या पूर्णपणे परत मिळवणे किती कठीण असते, हे यावरून ध्यानात येते.

हा धडा तेथील लोक विसरले नाहीत. मोठे वृक्ष दुर्मीळ होत चालले, तेव्हा 1923 मध्ये मंदिराच्या स्वतःच्या वनात हिनोकीची लागवड करण्याची योजना आखण्यात आली. ती योजना दोनशे वर्षांची आहे! त्या लागवडीतील लाकूड 2013 च्या सोहळ्यात प्रथमच उपयोगी पडले. एकूण लाकडाचा सुमारे चौथा हिस्सा त्यातून मिळाला. पुढील सोहळा 2033 मध्ये व्हावयाचा असून त्याच्या तयारीचे विधी 2025 मध्ये सुरू झाले. ज्यांनी आपल्या हातांनी रोपे लावली, त्यांना त्या वृक्षांचे खांब झालेले पाहता येणार नव्हते. हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी खड्डे खणले, रोपे लावली आणि त्यांना पाणी घातले.

स्वाध्याय

1. ‘या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
2. वृक्ष तोडताना लाकूडतोडे कोणते विधी करतात? त्यांतून त्यांची कोणती भावना दिसते?
3. वीस वर्षांचा काळ कारागिरांना सोयीचा का आहे?
4. सेइजुन या भिक्षुणीच्या कार्याचे महत्त्व पाच-सहा ओळींत लिहा.
5. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध कारागिराला भेटा. त्याने आपली विद्या कोणाकडून घेतली व कोणाला दिली, ते विचारून लिहा.