दगडांची साक्ष

देशांना नावे अनेक प्रकारे मिळतात. कोणाला नदीचे नाव मिळते, कोणाला तेथे राहणाऱ्या लोकांचे. परंतु एका ओसाड नगरीच्या भिंतींवरून आपले नाव घेणारा देश विरळाच. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झिम्बाब्वे हा असा देश होय. शोना ही तेथील बहुसंख्य लोकांची भाषा. त्या भाषेत ‘झिम्बाब्वे’ या शब्दाचा अर्थ ‘दगडांची घरे’ असा सांगतात. ही दगडांची घरे कोणी बांधली, हा प्रश्न तसा साधा. पण त्याचे खरे उत्तर मान्य होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मास्विंगो या शहरापासून थोड्या अंतरावर ही नगरी पसरलेली आहे. तिला ‘ग्रेट झिम्बाब्वे’ म्हणतात. इ. स. च्या अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ती वसली आणि भरभराटीस आली. एका खडकाळ टेकडीवर आणि तिच्या पायथ्याच्या खोऱ्यात तिचे अवशेष आढळतात. त्यांत सर्वांत भव्य आहे ते ‘मोठे आवार’. त्याच्या वर्तुळाकार भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर असून तिची उंची काही ठिकाणी ११ मीटर भरते. आत सुमारे १० मीटर उंचीचा एक निमुळता मनोरा उभा आहे. त्याला दार नाही, खिडकी नाही, आत पोकळी नाही. तो तळापासून शेंड्यापर्यंत भरीव आहे.

या भिंतींत चुना अथवा माती कोठेच वापरलेली नाही. शेताचा गडगा घालावा तसे नुसते दगडावर दगड रचले आहेत. परंतु ही रचना इतकी रेखीव आहे, की कित्येक शतकांच्या ऊनपावसातही ती टिकून राहिली. या प्रदेशातील टेकड्या ग्रॅनाइट खडकाच्या आहेत. दिवसाच्या उन्हाने हा खडक तापतो व रात्रीच्या गारव्याने थंड होतो. त्यामुळे त्याचे जाड पापुद्रे आपोआप सुटतात. खडकावर विस्तव पेटवून मग पाणी ओतले, तर हेच काम अधिक लवकर होते. असे सुटलेले चपटे दगड घडवून गवंडी त्यांचे थर रचीत. वर जाताना भिंत थोडी आत झुकवीत, म्हणून ती ढासळत नसे. आवारांच्या आत मातीची, गवताने शाकारलेली घरे असत.

येथील लोक गुरे पाळीत, शेती करीत व लोखंड गाळीत. आसपासच्या प्रदेशातील सोने आणि हस्तिदंत पूर्व किनाऱ्यावरील बंदरांकडे जाई. तेथून गलबते हिंदी महासागर ओलांडून दूरदूरच्या देशांशी व्यापार करीत. म्हणूनच समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या या नगरीत चिनी मातीची भांडी, इराणी वाडग्याचे तुकडे आणि भारतात बनलेले काचमणीही सापडले आहेत. पुढे पंधराव्या शतकात नगरीला उतरती कळा लागली. लोक हळूहळू दुसरीकडे गेले आणि भिंतींवर वेली चढल्या.

१८७१ साली कार्ल माउख नावाचा एक जर्मन प्रवासी येथे आला. ते अफाट बांधकाम पाहून तो थक्क झाला. एका दाराच्या तुळईचे लाकूड त्याने तपासले. ते त्याला आपल्या शिसपेन्सिलीच्या लाकडासारखे वाटले. तेवढ्यावरून त्याने तर्क बांधला, की हे लाकूड लेबनान देशातील देवदाराचे असावे आणि ही वास्तू पुराणप्रसिद्ध शेबाच्या राणीची असावी! वास्तविक ते लाकूड आफ्रिकेतीलच एका झाडाचे होते.

१८९० साली सेसिल ऱ्होड्स याच्या कंपनीने हा मुलूख व्यापला. काळ्या वर्णाच्या लोकांच्या हातून अशी वास्तू होणे शक्यच नाही, असा गोऱ्या वसाहतवाल्यांचा ग्रह होता. आपण येथे सुधारणा घेऊन आलो, असे त्यांना म्हणावयाचे होते. तेथे सुधारणा पूर्वीच नांदत होती, हे त्यांना गैरसोयीचे होते. १९०२ साली रिचर्ड हॉल याची या अवशेषांवर नेमणूक झाली. परक्या बांधणाऱ्यांच्या खुणा शोधण्याच्या नादात त्याने आफ्रिकी वस्तीचे कित्येक फूट जाडीचे थर केरकचरा म्हणून उपसून टाकले. खरा इतिहास त्या थरांतच होता.

१९०५ साली रँडल-मॅकायव्हर या पुरातत्त्वज्ञाने तेथे शास्त्रीय रीतीने उत्खनन केले. ही नगरी मध्ययुगीन असून आफ्रिकी लोकांनीच उभारली, असा निर्णय त्याने दिला. तो वसाहतवाल्यांना रुचला नाही. तेव्हा १९२९ साली गरट्रूड केटन-टॉम्पसन या विदुषींकडे हे काम सोपविण्यात आले. पूर्वी कोणी खणले नव्हते अशा जागा त्यांनी निवडल्या. ज्या जमिनीला कोणाचा हात लागलेला नाही, तिच्याखाली सापडलेली वस्तू मागाहून तेथे आलेली असू शकत नाही. म्हणून तिची साक्ष खरी मानावी, हे त्यांचे सूत्र होते. त्यांना जे सापडले, त्यावरून तोच निर्णय पक्का झाला. ही नगरी आफ्रिकी लोकांचीच होती.

तरीही वाद मिटला नाही. १९६५ नंतर ऱ्होडेशियातील अल्पसंख्य गोऱ्यांच्या सरकारने हे सत्य दडपण्याचा प्रयत्न केला. वाटाड्यांनी आणि पुस्तकांनी ते उघडपणे सांगू नये, असा दबाव आणला गेला. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने सत्य सोडण्यापेक्षा १९७० साली देश सोडला.

अखेर १८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. ऱ्होड्सचे नाव पुसले गेले आणि त्या जागी दगडांच्या घरांचे नाव आले. नगरीत शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेले पक्षी सापडले होते. त्यांपैकी बरेचसे परदेशी नेले गेले होते. १९८१ साली काही पक्षी दक्षिण आफ्रिकेतून परत आले. एका पक्ष्याच्या बैठकीचा तुटलेला भाग जर्मनीतून २००३ साली मायदेशी पोहोचला. हाच पक्षी आज झिम्बाब्वेच्या राष्ट्रध्वजावर विराजमान आहे.

त्या नगरीच्या गवंड्यांनी आपली नावे कोठे कोरून ठेवली नाहीत. त्यांची कामगिरी इतरांच्या नावावर लिहिली गेली, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलण्यास भिंतीच काय त्या उरल्या होत्या. त्या भिंतींनी खरी साक्ष दिली. मात्र ती ऐकण्यासाठी मनातला ग्रह बाजूला ठेवणारी माणसे यावी लागली.

स्वाध्याय

१. झिम्बाब्वे या देशाचे नाव कशावरून पडले?
२. ग्रॅनाइटचे चपटे दगड गवंड्यांना कसे मिळत?
३. माउखचा तर्क कोठे चुकला? तुमच्या शब्दांत लिहा.
४. हात न लागलेल्या जमिनीखालील वस्तूची साक्ष खरी का मानावी?
५. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा. त्यातील कोणती गोष्ट पुराव्याची व कोणती ऐकीव, ते वेगळे करून लिहा.