नवी मुंबईतील भाड्याचे घर : एक अभ्यास

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. नवी मुंबईत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येणाऱ्याने तीत 'भाड्याची खोली पाहावी शोधून' अशी भर घातली, तर ती अस्थानी ठरणार नाही. वास्तविक, मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका व्हावा म्हणूनच हे शहर वसवले गेले. असे असूनही येथे सामान्य माणसाची जागेसाठी ओढाताण का व्हावी, आणि त्याने कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. लोकल गाडी वाशीला पोहोचण्यास मात्र १९९२ साल उजाडले. सिडकोने अल्प उत्पन्न गटांसाठीही घरे बांधली, परंतु ती मुख्यतः विकण्यासाठी होती. भाडेकरूचा विचार नियोजनात दुय्यमच राहिला.

यामागे कायद्याचाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी घर बांधणे आतबट्ट्याचे ठरले आणि पागडीची प्रथा फोफावली. यातून सुटण्यासाठी मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'चा मार्ग धरला. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. तेव्हापासून मालकाच्या मनात जी धास्ती बसली, ती आजही दिसते. आपल्याला जो मालक संशयी वाटतो, त्याच्या संशयाचे मूळ येथे आहे.

मग स्वस्त जागा मिळते कोठे? शहरातील सेक्टरांत नव्हे, तर बहुधा गावठाणांत. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, शिरवणे यांसारख्या मूळ गावांतील खोल्यांत कामगार, विद्यार्थी व नवी कुटुंबे राहतात. हे शहर ९५ गावांच्या जमिनींवर उभे आहे. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झाले; पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. शेती गेल्यावर गावकऱ्याने घरावर मजला चढवला आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्याचा चरितार्थ आणि आपला निवारा असे एकमेकांत गुंतले आहेत. परंतु यांतील अनेक बांधकामांना रीतसर परवानगी नसल्याने मालक आणि भाडेकरू दोघेही अस्थिरतेत राहतात, हे विसरता येत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, भाडे दरमहा १२,००० रुपये व अनामत ५०,००० रुपये आहे. पहिले भाडे आणि रूढीप्रमाणे एका महिन्याची दलाली धरता सुरुवातीलाच ७४,००० रुपये हाती लागतात. म्हणजे खरी अडचण मासिक भाड्याहून पहिल्या दिवसाच्या रकमेची आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सीमित ठेवण्याची सूचना आहे, ती याच कारणाने महत्त्वाची होय. स्टेशनपासून दूरची खोली घेताना रिक्षाचे भाडेही घरभाड्यात मिळवून पाहावे; पुष्कळदा स्वस्ताई तेथेच संपते.

करार हा सर्वांत महत्त्वाचा भाग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलटपक्षी, कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कायदा एकाच बाजूचा नाही.

'अकरा महिन्यांचाच करार होतो' हा समज मात्र चुकीचा आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारास मुद्रांक शुल्काचा दर एकच, ०.२५ टक्के, आहे. वरील उदाहरणात अकरा महिन्यांचे शुल्क साडेतीनशे रुपयांच्या आतच भरते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. तीन वर्षे शिकावयाचे असेल तर एकदाच दीर्घ करार करावा, वार्षिक वाढ त्यातच लिहून घ्यावी, म्हणजे दरवर्षीची दलाली व धाकधूक टळते. अनामतीची रक्कम बँकेमार्फत द्यावी, आणि नळ, पंखे, भिंती यांची स्थिती प्रवेशाच्या दिवशीच लिहून दोघांनी सह्या कराव्यात. अनामतीवरचे तंटे बहुधा याच गोष्टींवरून होतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. शहराचा भाव जसा वाढेल, तसा भाडेकरू आणखी दूर लोटला जाण्याचा धोका आहे. शहर केवळ घरे विकत घेणाऱ्यांवर चालत नाही. त्याची कार्यालये झाडणारा, गाड्या हाकणारा आणि त्याच्या महाविद्यालयांत शिकणारा वर्ग भाड्यानेच राहतो. विद्यार्थ्यांसाठी पुरेशी वसतिगृहे, माफक भाड्याची सार्वजनिक घरे आणि गावठाणांतील घरांना कायद्याचे स्थैर्य, या तीन गोष्टी झाल्या तरच हे नियोजित शहर खऱ्या अर्थाने सर्वांचे होईल. तोपर्यंत नोंदवलेला करार हेच आपल्या हातातील साधन आहे, आणि ते वापरण्यात संकोच करण्याचे कारण नाही.