आतड्याचा कॅन्सर गावात वाढतोय का?

प्रश्न : जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावात चार वर्षांत तिघांना आतड्याचा कॅन्सर निघाला. आजोबांच्या तोंडून हे नावही कधी ऐकलं नव्हतं. हा आजार खरंच वाढलाय, की आता कळायला लागलाय?
– एक वाचक

उत्तर : आधी थोडा हिशेब करू. मोठं आतडं आणि मलाशय मिळून २०२२ साली भारतात सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक अंदाज आहे. म्हणजे लाखामागे साधारण पाच. या दराने पंचेचाळीस लाखांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वर्षाला सव्वादोनशे रुग्ण होतील, आणि चार हजार वस्तीच्या गावात पाच वर्षांत एक. चार वर्षांत तीन हे त्याहून जास्त आहेत, मान्य. पण इतक्या लहान आकड्यांत योगायोगानेही असं होतं. शेजारच्या गावात पंधरा वर्षं एकही रुग्ण नसेल, आणि त्या गावाची चर्चा कोणी करत नाही. म्हणून चढउतार पाहायचा तो लाखो माणसांचा, आणि पंधरा-वीस वर्षांचा.

त्यासाठी वही लागते. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली वही तर तुमच्या शेजारची. १९८७ साली बार्शीला ती उघडली आणि बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके तिच्यात घेतले. भूम-परांड्याची शीव तुमच्याच बाजूला लागते. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून तिथले कार्यकर्ते वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली आणि घरात दडलेले रुग्ण शोधले. मला हे काम फार मोठं वाटतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्या जामखेडला तर त्याचं मोल सांगायला नको.

बार्शीच्या वहीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर मुंबईच्या मानाने बराच कमी दिसतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांत त्याचं प्रमाण मायदेशापेक्षा जास्त आहे. माणसं तीच, राहणी बदलली. बैठं काम, वाढलेलं वजन, दारू, तंबाखू, कमी चोथ्याचं जेवण या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी मागे पडली तर फरक पडतो, पण तो उशिरा. आतड्यातल्या कोंबाचा (पॉलिपचा) कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात.

आजोबांच्या काळाबद्दल दोन गोष्टी. हा मुख्यतः पन्नाशीनंतरचा आजार, आणि तेव्हा त्या वयापर्यंत पोचणारेच कमी होते. म्हणून तुलना करताना वयाचा फरक काढून टाकलेला दर पाहतात. दुसरं म्हणजे दुर्बिणीची तपासणी नव्हती. ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढंच घरात सांगितलं जायचं. म्हणजे तुमच्या ‘की’च्या दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

रुग्णांचा आलेख मात्र चढताच राहील असं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यापासून रुग्णांचं एकूण प्रमाण घटलं आणि मृत्यूंचंही घटलं, कारण दुर्बिणीतून कोंब दिसला की तो तिथेच काढता येतो, पुढचा कॅन्सर होतच नाही. उलट पन्नाशीच्या आतले रुग्ण तिथे वाढले, म्हणून २०२१ साली तपासणीचं शिफारस केलेलं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. आपल्याकडे सरकारी मोहिमेत तिशीनंतर तपासतात ते तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. आतडं त्यात नाही, त्यामुळे रुग्णाने स्वतः तक्रार केल्याशिवाय ते कोणी पाहत नाही.

आणि तक्रार बहुतेकदा मूळव्याधीच्या नावाखाली दबते. शौचातून रक्त पडलं की गावात झाडपाल्याचं औषध सुरू होतं, त्यात सहा महिने जातात. तुमच्या घरात कोणाला चाळिशीनंतर रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदलली असेल किंवा कारण नसताना रक्त कमी झालं असेल, तर जुनी मूळव्याध असली तरी डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या.